बॅटरीतली 'क्रांती' रोज येते, मग घ्यायची कोणती?

शंकासूर

दर आठवड्याला एक बातमी ठरलेली. पाच मिनिटांत पूर्ण चार्ज होणारी बॅटरी. एका चार्जमध्ये हजार किलोमीटर. खिळा ठोकला तरी पेट न घेणारी. सोबत फोटो: पांढरा कोट, निळे हातमोजे, चिमटीत नाण्याएवढा सेल. आणि शेवटच्या ओळीत "येत्या काही वर्षांत बाजारात". शाळेत असल्यापासून हे वाचतोय. हातातल्या फोनमध्ये मात्र अजून लिथियम-आयनच, जी सोनीने १९९१ साली बाजारात आणली.

जाणकारांना दोन प्रश्न. सोडियम-आयन, सॉलिड-स्टेट, लिथियम-सल्फर, सिलिकॉन, ग्राफीन यातलं खरोखर आलेलं काय, येऊ घातलेलं काय आणि नुसती हवा काय?

दुसरा प्रश्न स्वार्थाचा. घरच्या इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी आचके देतेय. लिथियम आयर्न फॉस्फेट (यापुढे एलएफपी) घेऊन मोकळं व्हावं की सोडियमसाठी थांबावं? स्कूटरही घ्यायची आहे, तिथेही हीच द्विधा.

फुकट सल्लागार

थांबणारे अंधारात बसतात. घेऊन टाका.

नाठाळ

संशोधकांनी शोधली, संशोधकांनीच वापरली, संशोधकांनीच पेपर लिहिला. आपण फक्त बातमी फॉरवर्ड करायची. (हलके घ्या.)

अणुरेणू

माझं पोट सेल टेस्टिंगवर चालतं, त्यामुळे राहवत नाही. जरा लांबण लागेल.

बातम्या सहसा खोट्या नसतात, अर्धवट असतात. चांगल्या सेलकडून पाच गोष्टी एकाच वेळी हव्या असतात: किलोमागे जास्त ऊर्जा, पटकन देण्याघेण्याची ताकद, आयुष्य, सुरक्षितता आणि स्वस्ताई. बातमी यातल्या एकीची असते. उरलेल्या चारांचं काय झालं ते पेपरच्या शेवटच्या तक्त्यात असतं, आणि तिथवर वार्ताहर पोचत नाही. पांघरूण तोंडावर ओढलं की पाय उघडे पडतात, तशी या धंद्याची गत आहे.

एक हिशेब करून बघा. प्रत्येक चार्ज-डिस्चार्जमध्ये आत टाकलेल्या लिथियमपैकी ९९.९ टक्के परत मिळतं असं धरा. ऐकायला झकास. पण ०.९९९ चा १००० वा घात काढला तर येतात ०.३७. म्हणजे हजार सायकलनंतर (एकदा भरून रिकामं केलं की एक सायकल) ३७ टक्के शिल्लक, बॅटरी भंगारात. तेच ९९.९९ टक्के असेल तर हजार सायकलनंतर ९० टक्के उरतं. दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या नवासाठी लोकांची उभी कारकीर्द जाते.

आणि तो चिमटीतला नाण्याएवढा सेल? त्यात बरेचदा एका बाजूला शुद्ध लिथियमची जाड चकती असते. वाया गेलेल्या लिथियमची भरपाई ती गुपचूप करत राहते, त्यामुळे शेकडो सायकल सरळ रेषेत निघतात. खऱ्या सेलमध्ये मोजून मापून लिथियम भरलेलं असतं. तिथे हीच रसायनं भराभर मान टाकतात.

मृद्गंधा

अणुरेणू, सुरेख समजावलंत. नवांचा हिशेब लगेच कॅल्क्युलेटरवर करून पाहिला. वाचनखूण साठवली आहे.

वायरमन

मी शास्त्रज्ञ नाही, स्पॉट वेल्डर घेऊन पॅक जोडणारा माणूस आहे. सोडियमबद्दल हाताने केलेलं सांगतो.

मध्यंतरी सोडियम-आयनचे सुटे सेल मिळाले. चार सेल सिरीजमध्ये लावून १२ व्होल्टच्या जुन्या इन्व्हर्टरवर टाकले. एलएफपीचं व्होल्टेज कसं, पूर्ण भरल्यावर ३.६५, मग लगेच ३.३ च्या आसपास उतरतं आणि बराच वेळ तिथेच ठाण मांडून बसतं. चार सेलचे १२.८ व्होल्ट. लेड-ॲसिडसाठी बनवलेल्या इन्व्हर्टरला फरक फारसा जाणवत नाही. सोडियमचं तसं नाही. भरलेला सेल ३.९ ते ४ व्होल्ट, रिकामा १.५. मीटर लावून बसलो तर आकडा एकसारखा घसरत जाताना दिसतो, कुठे थांबा नाही.

आता गंमत बघा. इन्व्हर्टर १०.५ व्होल्टला बंद पडतो, म्हणजे सेलमागे २.६२. त्याखालची वीज आतच राहिली. वरच्या बाजूला चार्जर १४.४ ला थांबतो, सेलमागे ३.६. म्हणजे वरचाही तुकडा भरला नाही. दोन्ही टोकं कापली गेली, मधला भाग तेवढा वापरात. सेलचा दोष नाही, यंत्र दुसऱ्यासाठी बनलेलं. वर बीएमएस (सेलवर नजर ठेवून वेळेला तोडणारं सर्किट) एलएफपीचा असेल तर तो सोडियमला २.५ लाच मेलेला समजून तोडतो.

थोडक्यात, सोडियमचा सेल घेताना त्याच्या मापाचा इन्व्हर्टर, चार्जर आणि बीएमएसही लागतो. नुसता डबा बदलून भागत नाही.

आडवा प्रश्न

मग सोडियमची एवढी हाकाटी कशाला? जड, व्होल्टेज कमी, ऊर्जा कमी. सगळ्याच बाबतीत लिथियमपेक्षा उणं.

हौशी रसायन

सोडियम समुद्रभर पडलंय म्हणून. अडचण एवढीच की सोडियमचा आयन लिथियमपेक्षा मोठा, ग्राफाइटच्या थरांमध्ये मावत नाही. म्हणून ॲनोडला (चार्ज होताना आयन जिथे जाऊन बसतात त्या टोकाला) ग्राफाइटऐवजी हार्ड कार्बन वापरावा लागतो.

अणुरेणू

हौशी, हार्ड कार्बनचं बरोबर, पण कारण ते नव्हे. पोटॅशियमचा आयन सोडियमहूनही मोठा आहे, तरी तो ग्राफाइटमध्ये खुशाल जाऊन बसतो. आकार हेच कारण असतं तर पोटॅशियमची दारं आधी बंद झाली असती. सोडियम आणि ग्राफाइटचा मेळ ऊर्जेच्या हिशेबातच बसत नाही, त्यांचं संयुग टिकाऊ होत नाही. हार्ड कार्बनमध्ये थर वेडेवाकडे आणि मध्ये बारीक पोकळ्या असतात, तिथे सोडियम जागा धरतो.

@आडवा प्रश्न, सगळ्याच बाबतीत उणं नाही. लिथियम सेलमध्ये ॲनोडच्या बाजूला तांब्याची पातळ पट्टी लागते, कारण कमी व्होल्टेजला लिथियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करतं. सोडियम तसं करत नाही, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं. तांबं गेलं म्हणजे वजन आणि खर्च दोन्ही गेले. शिवाय सेल शून्य व्होल्टपर्यंत उतरवून निर्धास्तपणे पाठवता येतो. लिथियम-आयन तेवढा उतरवला तर तांबं विरघळायला लागतं आणि पुढच्या चार्जला ते नको तिथे जाऊन बसतं.

आणि थंडी. शून्याखाली लिथियम-आयन चार्ज करायला गेलं की लिथियम ग्राफाइटच्या आत न शिरता वरच धातू होऊन साचतं. सोडियम तिथे पुष्कळ बरं वागतं. चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीने २०२१ मध्ये पहिला सोडियम सेल दाखवला तेव्हा किलोला १६० वॉट-अवर सांगितले होते, २०२५ च्या 'नॅक्स्ट्रा'साठी १७५ सांगितले. एलएफपीच्या अंगणात आलंय म्हणा ना. चांगले निकेलवाले लिथियम सेल मात्र २५० च्या पुढे आहेत, तिथे सोडियमचा पाड लागणार नाही.

तिरकस

नेहमीप्रमाणे मी विरोधी बाकावर.

सोडियमची सगळी गोळाबेरीज लिथियम महाग राहील या गृहीतकावर उभी होती. २०२२ मध्ये लिथियम कार्बोनेट आकाशाला भिडलं तेव्हा सगळ्यांना सोडियम आठवलं. पुढच्या दोन वर्षांत तेच लिथियम धाडकन आपटलं आणि सोडियमचे स्लाइड-शो गुंडाळले गेले. अमेरिकेतली नेट्रॉन एनर्जी प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्यावर आधारलेले सोडियम सेल बनवत होती, रसायन उत्तम चालत होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये दुकान बंद. स्वीडनच्या नॉर्थव्होल्टनेही सोडियम सेल दाखवला होता. मार्च २०२५ मध्ये दिवाळं.

बॅटरी प्रयोगशाळेत मरत नाही, ताळेबंदात मरते.

हौशी रसायन

तिरकसराव, नॉर्थव्होल्ट सोडियमपायी बुडाली नाही. नेहमीचे लिथियम सेलच पुरेशा संख्येने आणि कमी खराबीत निघेनात म्हणून बुडाली. उदाहरण सोयीचं आहे, लागू नाही.

तिरकस

मान्य, पण त्यातून माझा मुद्दा पक्काच होतो. तीस वर्षं जुनं रसायनसुद्धा कारखान्यात काढणं एवढं अवघड, तर नव्याची काय कथा?

अणुरेणू

इथे तिरकस यांच्याशी सहमत. इलेक्ट्रोडचा लेप काही मायक्रॉनने कमीजास्त झाला, कुठे धातूचा कण राहिला, कोरड्या खोलीची आर्द्रता चढली की अख्खा लॉट बाद. एलएफपीचंच बघा. जॉन गुडइनफ या शास्त्रज्ञांच्या टेक्सासमधल्या गटाने १९९७ मध्ये पेपर छापला. गाड्यांमध्ये त्याची खरी चलती २०२० च्या सुमाराला झाली. त्या मधल्या काळात कुणी झोपलेलं नव्हतं.

नाठाळ

म्हणजे आजची 'क्रांती' माझ्या नातवाच्या स्कूटरमध्ये. लग्नाचं बघायला हवं आता.

ऊर्ध्वगामी

कुणी सॉलिड-स्टेटचं नावच काढेना! द्रव इलेक्ट्रोलाइट (आयन ज्यातून ये-जा करतात ते माध्यम) गेला की आगीची भीती गेली, ग्राफाइटच्या जागी सरळ लिथियम धातू वापरता येतो, ऊर्जा कितीतरी वाढते. टोयोटाने २०२७-२८ सांगितलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात अमेरिकेच्या क्वांटमस्केप कंपनीचे सेल लावलेली डुकाटी मोटारसायकल चालवून दाखवली. अजून काय हवं?

वायरमन

अजून दुकानात हवी. :)

हौशी रसायन

जाता जाता, सॉलिड-स्टेट रस्त्यावर येऊन जुनी झाली. पॅरिसमध्ये २०११ पासून 'ऑटोलिब' नावाच्या भाड्याच्या विजेच्या गाड्या धावत होत्या, त्यांत बोलोरे कंपनीची लिथियम-मेटल-पॉलिमर बॅटरी होती. इलेक्ट्रोलाइट घन पॉलिमरचा. फक्त तो थंड असताना आयन पुढे सरकत नाहीत, म्हणून बॅटरी कायम गरम ठेवावी लागे. गाडी उभी असतानाही प्लग हवाच.

अणुरेणू

लिथियम धातूचं आकर्षणही नवं नाही. कॅनडाच्या मोली एनर्जीने १९८० च्या दशकात लिथियम धातूचे रिचार्जेबल सेल विकले होते. १९८९ मध्ये जपानमध्ये त्यावर चालणाऱ्या मोबाइल फोनना आगी लागल्या, माल परत बोलवावा लागला, कंपनी कोलमडली. कारण डेंड्राइट. चार्ज करताना लिथियम सपाट न बसता काटेरी फांद्यांसारखं वाढतं आणि पलीकडे जाऊन शॉर्ट करतं. त्या धड्यानंतर जग कार्बनच्या ॲनोडकडे वळलं.

घन इलेक्ट्रोलाइट या फांद्यांना अडवेल असा हिशेब होता. झालं असं की सिरॅमिकमध्येही त्या बारीक भेगांतून आणि कणांच्या सांध्यांतून वाट काढतात. दुसरी कटकट म्हणजे चार्जिंगमध्ये लिथियमचा थर जाड होतो, डिस्चार्जमध्ये पातळ. द्रव असता तर पोकळी भरून निघाली असती. घन पदार्थ तसाच राहतो, मध्ये फट पडते आणि संपर्क तुटतो. म्हणून सेल दाबाखाली ठेवायचा. तो दाब देणारी चौकट गाडीत बसवायची तर वाचवलेलं वजन तिथेच गेलं.

आयन सगळ्यात जोरात पळतात ते सल्फाइडमध्ये, टोयोटाचा भरही त्यावरच. पण सल्फाइडला हवेतला ओलावा लागला की हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो विषारी. कारखाना किती कोरडा ठेवावा लागेल, कल्पना करा.

माझा अंदाज विचाराल तर सॉलिड-स्टेट येईल, आधी महागड्या गाड्यांत आणि थोड्या संख्येने. सध्या ज्याला 'सेमी-सॉलिड' म्हणतात त्यात थोडा द्रव असतोच. निओ या चिनी गाडी कंपनीच्या १५० किलोवॉट-अवरच्या पॅकमध्ये तसे सेल आहेत. पाटीवरचं 'सॉलिड' वाचून उडी मारू नका.

ऊर्ध्वगामी

बरं, थोडा खाली आलो. पण जलद चार्जिंग तरी खरं ना? चीनच्या बीवायडी या गाडी कंपनीने मार्च २०२५ मध्ये पाच मिनिटांत ४०० किलोमीटरपुरता चार्ज जाहीर केलाय, आणि तेही एलएफपीवर.

आडवा प्रश्न

१०० किलोवॉट-अवरची बॅटरी पाच मिनिटांत भरायची म्हणजे तासाचा बारावा भाग, म्हणजेच १२०० किलोवॉट. एका वेळी ५ किलोवॉट ओढणारी २४० घरं. एका गाडीसाठी! अशा चार गाड्या शेजारी लागल्या तर ट्रान्सफॉर्मर साष्टांग दंडवत घालेल.

हौशी रसायन

म्हणूनच चार्जिंगच्या जागी आधी भरून ठेवलेली बॅटरी ठेवतात. ती दिवसभर सावकाश भरते आणि गाडी आली की भसाभस देते. ग्रिडवर एकदम ताण येत नाही. बीवायडीची यंत्रणा १ मेगावॉटची आहे, हजार व्होल्टवर. सेलने १० सी म्हणजे आपल्या क्षमतेच्या दहापट प्रवाह झेलायचा. ते झेपतंय ही खरीच कमाल आहे, हिणवू नका.

वायरमन

स्कूटरवाल्यांनी यात पडूच नये. स्कूटरची बॅटरी ३ किलोवॉट-अवर आणि घरचा चार्जर ७५० वॉटचा असेल तर चार तास लागणारच. तिथे अडतं ते चार्जरपाशी, सेलच्या रसायनापाशी नाही. उद्या त्यात १० सी चा सेल टाकला तरी चारच तास.

मृद्गंधा

थोडं अवांतर. माझा जुना फोन खणात पडून होता. काढला तर एका कडेने स्क्रीन उचललेली, फटीतून आतला पांढरा गोंद ताणलेला दिसत होता, आणि टेबलावर ठेवला की भोवऱ्यासारखा फिरत होता. हे का होतं? आणि रात्रभर चार्जिंगला ठेवण्याबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो.

वायरमन

मृद्गंधाताई, तो आधी चार्जिंगपासून लांब ठेवा. स्क्रीन दाबून बसवू नका, टोचू तर मुळीच नका. इलेक्ट्रोलाइट हळूहळू कुजून आत गॅस धरलाय. पाऊच सेल म्हणजे ॲल्युमिनियमच्या थराची बंद पिशवी, गॅस जाणार कुठे? ई-कचऱ्यात द्या, आणि देताना बॅटरी फुगली आहे हे तोंडी सांगा.

अणुरेणू

रात्रभर चार्जिंगने ओव्हरचार्ज होत नाही, फोनमधली सर्किट ते थांबवते. त्रास दुसराच आहे. लिथियम-आयनला दोन गोष्टी वाईट: पूर्ण भरलेलं राहणं आणि उष्णता. दोन्ही एकत्र आल्या तर सगळ्यात वाईट, म्हणजे १०० टक्क्यांवर, उशीखाली, जाड कव्हरात. फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर चालू करा. खणात ठेवायचा असेल तर निम्मा भरून ठेवा.

आणि 'महिन्यातून एकदा पूर्ण संपवून भरा' हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. लिथियमला तो नुकसानच करतो. टक्क्यांचा आकडा भरकटला असेल तर एखाद्या वेळी तसं करा, तेवढंच.

तिरकस

फोनचा विषय निघालाच आहे तर ऐका, गाजावाजा न करता आलेली एकच नवी गोष्ट म्हणजे सिलिकॉन-कार्बनचा ॲनोड. २०२३ मध्ये ऑनर या चिनी कंपनीच्या मॅजिक ५ प्रो फोनच्या चिनी आवृत्तीत ५४५० एमएएच (मिलिॲम्पिअर-अवर) आलं, आता तेवढ्याच जाडीत ७००० वाले फोन दिसतात. 'क्रांती' म्हणून कुणी ओरडलं नाही, म्हणून ती खरी असावी.

हौशी रसायन

+१. ग्राफाइट ग्रॅममागे ३७२ मिलिॲम्पिअर-अवर घेतं, सिलिकॉन साडेतीन हजारांच्या वर. पण लिथियम खाऊन सिलिकॉन तिप्पट-चौपट फुगतं आणि स्वतःचाच भुगा करून घेतं. म्हणून ते कार्बनच्या सच्छिद्र कणांत अगदी बारीक भरतात, फुगायला जागा ठेवून. तेही थोडंच, बाकी ग्राफाइट. आयुष्याचा कस अजून काही वर्षं वापरल्यावर लागेल.

युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता-बदलता याव्यात असा नियम लागू होतोय, काही अपवाद आहेत. नव्या रसायनापेक्षा त्याने फोनचं आयुष्य जास्त वाढेल असं माझं मत.

पानगळ

लिथियम-सल्फरचं काय झालं? वीस वर्षांपूर्वी आमचे सर त्यावरच बोलायचे.

अणुरेणू

पानगळ, तुमचे सर चुकीचं बोलत नव्हते. कागदावर किलोला सुमारे २६०० वॉट-अवर, आणि गंधक म्हणजे तेलशुद्धीकरणातून ढिगाने उरणारा माल. २०१० मध्ये झेफिर नावाचं सौर ड्रोन लिथियम-सल्फरच्या जोरावर दोन आठवडे हवेत राहिलं. हलकं हवं आणि सायकल थोड्या चालतील तिथे ते उत्तम. पण मधल्या टप्प्यात तयार होणारे पॉलिसल्फाइड (लिथियम-गंधकाची संयुगं) द्रवात विरघळून पलीकडच्या इलेक्ट्रोडवर जातात आणि गंधक हळूहळू कामातून जातं. ब्रिटनची ऑक्सिस एनर्जी याच रसायनामागे होती, २०२१ मध्ये बुडाली.

जुनं ते सोनं

आयुष्याची गोष्ट चालली आहे तर हबल दुर्बिणीचं सांगतो. १९९० मध्ये वर गेली तेव्हा निकेल-हायड्रोजन बॅटऱ्या होत्या. सुमारे दीड तासात एक फेरी, प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या सावलीत बॅटरीवर. २००९ मध्ये अंतराळवीरांनी त्या बदलल्या, तोवर मूळच्याच चालल्या. लाखाच्या घरातल्या सायकल झाल्या असतील. उथळ डिस्चार्ज, काटेकोर तापमान, आणि खर्चाला मागेपुढे न पाहणं. एवढं केलं की जुनं रसायनही टिकतं.

अवांतर: २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. ग्राफाइटमध्ये लिथियम ये-जा करू शकतं हे १९८० मध्ये दाखवणारे रशीद याझामी मात्र राहिले, कारण नोबेल तिघांपुरतंच. चौथ्याच्या नशिबी टाळ्या.

आडवा प्रश्न

एक भाबडी शंका. घरी किंवा ग्रिडला वजनाची काय पर्वा? तिथे लिथियमच का हवं?

हौशी रसायन

नकोच आहे. व्हॅनेडियमची फ्लो बॅटरी बघा. ऑस्ट्रेलियात मारिया स्कायलस-कझाकोस यांनी १९८० च्या दशकात ती उभी केली. द्रव टाक्यांत, वीज तयार होते ती मधल्या स्टॅकमध्ये (इलेक्ट्रोडच्या चळतीत). जास्त तास हवे तर टाकी मोठी करा. दोन्ही टाक्यांत व्हॅनेडियमच, त्यामुळे मिसळलं तरी कायमचं बिघडत नाही. चीनमधल्या डालियानला २०२२ मध्ये १०० मेगावॉट आणि ४०० मेगावॉट-अवरची अशी बॅटरी सुरू झाली.

त्याहून अजब आयर्न-एअर. अमेरिकेच्या फॉर्म एनर्जीची. डिस्चार्ज करताना लोखंड गंजतं, चार्ज करताना गंजाचं परत लोखंड. सलग १०० तास वीज देण्यासाठी बांधतात.

तिरकस

आणि चार्ज केलेल्यातली निम्मी वीज वाटेत सांडते, ते सांगा की. लिथियम ८५ ते ९० टक्के परत देतं.

हौशी रसायन

सांडते, खरंय. पण जी वीज दुपारी नाहीतरी कुणाला नको होती तिच्यातली निम्मी चौथ्या रात्री मिळाली तर वाईट काय? रोज भरून रोज रिकामं करायला लिथियम किंवा सोडियम. चार दिवस ढग राहिले तर लोखंड. प्रत्येकाचं काम वेगळं.

तिरकस

हे पटलं. तारीख लिहून ठेवा.

शंकासूर

बापरे, केवढी चर्चा! सगळ्यांचे आभार. सोडियमचा नाद निदान या खेपेला सोडतोय, वायरमनांचा प्रतिसाद वाचल्यावर नवा इन्व्हर्टरही घ्यायची तयारी नाही. पण एलएफपी बसवायचं तर जुना इन्व्हर्टर चालेल का? आणि 'एलएफपी पेटतच नाही' हे कितपत खरं?

वायरमन

चालू शकेल, दोन गोष्टी बघून घ्या. एक, चार्जिंगचं सेटिंग. लेड-ॲसिडसाठी काही इन्व्हर्टर अधूनमधून 'इक्वलाइझ' नावाचा जास्त व्होल्टेजचा चार्ज देतात. तो १५ च्या वर जातो, एलएफपीची कमाल १४.६. बंद करता येत नसेल तर तो इन्व्हर्टर नको. दोन, बीएमएस किती ॲम्पिअर सलग देतो ते बघा. १२ व्होल्टवर ८०० वॉटचा भार म्हणजे इन्व्हर्टरमधली गळती धरून ७५ ॲम्पिअरच्या आसपास. ५० चा बीएमएस असेल तर मिक्सर लावला की अंधार. आणखी एक, लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवलं की लवकर मरतं, एलएफपी ८० टक्के बिनधास्त वापरा. त्यामुळे आहे तेवढ्याच ॲम्पिअर-अवरची घेऊ नका, लहान पुरेल.

अणुरेणू

'पेटतच नाही' हे खोटं, 'सहजासहजी पेटत नाही' हे खरं. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, कोबाल्ट-निकेलवाल्यांसारखा उष्णतेने सुटत नाही. पण इलेक्ट्रोलाइट तोच ज्वलनशील. सेल फारच तापला तर हायड्रोजन आणि बाकी जळणारे वायू बाहेर टाकतो. हवा खेळती असलेली जागा द्या, बंद कपाट नको, जिन्याखालची वाट अडवून तर नकोच.

स्कूटरबद्दल: आज लागत असेल तर आज घ्या. त्या वर्गात येत्या तीन-चार वर्षांत सेल बदलतील ते थोडे स्वस्त, थोडे थंडी सोसणारे. पाटीवरच्या रसायनापेक्षा वॉरंटीत किती वर्षांनी किती टक्के क्षमतेची हमी आहे ते वाचा.

पानगळ

जाता जाता: ग्राफीनचं कुणीच सांगितलं नाही. माझ्या पॉवर बँकवर ठळक 'ग्राफीन' लिहिलंय, १०००० एमएएच. फोन ५००० चा, पण दोनदा काही भरत नाही. फसवणूक का?

अणुरेणू

ग्राफीन असलंच तर चिमूटभर, वीज चांगली वाहावी म्हणून मिसळलेलं. सेल लिथियम-आयनच. आणि १०००० हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा, म्हणजे ३७ वॉट-अवर. यूएसबीतून ५ व्होल्टने बाहेर काढलं की ७४००, त्यातून रूपांतराची गळती वजा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' असेल, ती वाचा.

पानगळ

भिंग आणून वाचलं. ५८०० आहे. मोठ्या अक्षरांत लिहायला जागा नव्हती वाटतं.

नाठाळ

जागा ग्राफीनने खाल्ली.